मामा, १५ लाखांत ब्रुअरी बसते का?

महिन्या-दोन महिन्यांतनं एखादं पोरगं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडच्या दारात येऊन उभं राहतं. बूट पुण्याचे, बोली इथली. टिग वेल्डिंगच्या उजेडाला हात आडवा धरून थोडा वेळ बघतं, मग चहा येतो, मग विषय निघतो. "मामा, १५ लाखांत ब्रुअरी बसते का?"

मी स्टेनलेस स्टीलच्या टाक्या करतो. दुधाच्या जास्त, बिअरच्या थोड्या. स्वतः घेत नाही, त्यामुळं चवीचं मला विचारू नका. पण भांड्याचं विचारलंत म्हणून सांगतो. १५ लाखांत भांडी बसतील. ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, बसायची नाही.

यावर प्रत्येकाकडं एकच गोष्ट तयार असते. अमेरिकेत कुणीतरी भंगारातल्या दुधाच्या टाक्या आणून ब्रुअरी काढली आणि मोठा झाला. गोष्ट खरी आहे. केन ग्रॉसमन त्याचं नाव, गाव कॅलिफोर्नियातलं चिको, ब्रुअरी सिएरा नेवाडा, पहिली बिअर १९८० ची. पण पोरं त्यातला अर्धा भाग गाळतात. हा माणूस त्याआधी कितीतरी वर्षं घरी बिअर करत होता, आणि घरी बिअर करणाऱ्यांना सामान विकायचं दुकान १९७६ पासून चालवत होता. म्हणजे हात आधी बसला होता, टाक्या नंतर आल्या. आपल्याकडं तो हात घरी बसवता येत नाही. परवान्याशिवाय बिअर करणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे, विका किंवा विकू नका. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, "शिकलास कुठं?" पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअऱ्या, म्हणजे जागेवरच बिअर करून विकणाऱ्या छोट्या ब्रुअऱ्या, आहेत. तिथं वर्ष-दोन वर्षं नळ्या धुऊन आलेला असेल तर मी कागद-पेन्सिल काढतो. मोबाइलवर बघून आलेला असेल तर दुसरा चहा सांगतो आणि गप्पा मारतो.

आता दुधाच्या टाकीचं. आपल्या जिल्ह्यात गावोगावी बल्क कूलर, म्हणजे गोळा केलेलं दूध गार ठेवायच्या टाक्या, आहेत, जुने झाले की स्वस्तात निघतात. भांडं झकास असतं, आतून ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं, दूध चार डिग्रीवर आणून ठेवतं. पण त्याचं झाकण नुसतं टेकलेलं असतं, दाब धरत नाही. बूडही सपाट. बिअरच्या टाकीला खाली ६० अंशांच्या आसपासचा शंकू लागतो, कारण बिअर आंबवणारं यीस्ट काम झालं की तळाला बसतं आणि ते खालच्या व्हॉल्व्हमधून काढून घ्यायचं असतं. शिवाय टाकीनं दीड-दोन बार दाब सोसला पाहिजे, तेव्हा बिअरमध्ये गॅस मुरतो. मी हे सगळं आज शहाण्यासारखं सांगतोय. पहिल्या वेळी मला यातलं काही माहीत नव्हतं.

पहिलं काम आलं ते हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याचं. परवान्याची कागदपत्रं त्यानं रीतसर केली होती, पैसे त्यातच संपले होते. बल्क कूलर टेम्पोत घालूनच आला. मी त्याला खालून शंकू जोडला, वरून डोम बसवला, नळ्या टाकल्या. पहिल्या आदणाला मला मुद्दाम बोलावलं. (आमचं गाव पन्हाळ्याकडचं, घरचं गुऱ्हाळ, वडील गुळवे. आम्ही एका काहिलीच्या मालाला आदण म्हणतो. ब्रुअरीवाले बॅच म्हणतात.) ५०० लिटरला १०० किलो माल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू), ६६ डिग्रीच्या पाण्यात तासभर भिजवलं, गाळलं आणि रस उकळायला लावला. उकळी फुटताना फेस असा सरसरून वर आला की माझा हात आपोआप तेलाची बाटली शोधायला लागला. काहिलीत फेस चढला की आमच्यात चमचाभर शेंगतेल सोडतात, फेस गपकन बसतो. "मामा, तेल नको, बिअरचा फेस मरतो!" म्हणून तिथलं बिअर करणारं पोरगं ओरडलं. इथं आच कमी करायची आणि वरून गार पाणी शिंपडायचं.

पहिली दोन आदणं बरी गेली. तिसरं आंबट झालं, चौथंही. हॉटेलवाल्यानं यीस्ट बदललं, माल्ट बदललं, पाणी तपासून आणलं. शेवटी मी टाकीखालची नळी कापून शेडवर आणली आणि उभी चिरली. बाहेरून वेल्ड आरशासारखी. आतून काळी, दाणेदार, बोटाला खरखरीत. स्टीलची नळी बाहेरून जोडताना आतून आर्गॉन गॅस सोडावा लागतो, नाहीतर आतली बाजू जळून अशी होते. वेल्डर त्याला शुगरिंग म्हणतात. गुळाच्या घरात वाढलेल्या मला हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसू आलं होतं. त्या दाण्यांच्या फटीत बिअर अडकत होती, धुवायचं कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरवलं तरी तिथं पोचत नव्हतं, आणि तिथंच जंतूंनी घर केलं होतं. नाकाशी धरली तर नासक्या दह्याचा वास. त्या दिवशी गॅसचा सिलिंडर संपत आला होता म्हणून मी आतला आर्गॉन वाचवला होता. वाचले असतील काहीशे रुपये. त्याची हजार लिटर बिअर गटारात गेली. सगळी नळी मी पदरच्या पैशानं नवी केली. ती चिरलेली अजून टेबलावर आहे. येणाऱ्याच्या हातात आधी तीच देतो, बोट फिरव म्हणतो.

म्हणून जुना बल्क कूलर आणलात तर मी नाही म्हणत नाही, पण त्यात बिअर आंबवू नका. त्यात पाणी गार करा. उकळता रस प्लेट चिलरमधून (एका बाजूनं रस, दुसऱ्या बाजूनं गार पाणी) तासाभरात २० डिग्रीवर आणायचा असतो आणि एप्रिलमध्ये आपल्या नळाचं पाणीच ३० च्या आसपास येतं. ते काय गार करणार? रात्रभर कूलरमध्ये बर्फगार केलेलं हजार लिटर पाणी हाताशी असलं की काम होतं. यीस्ट कामाला लागलं की स्वतःच गरम होतं, तिथंही हाच गारवा लागतो. पोरं चकचकीत टाकीवर पैसे घालतात आणि चिलिंग, फरशीचा उतार, ड्रेनेज यांना शेवटी चिल्लर उरवतात. एक लिटर बिअरमागं पाच-सहा लिटर पाणी नुसतं धुण्या-पुसण्यात जातं. ते पाणी जाणार कुठं, हे १५ लाखांच्या कागदावर मी कधी लिहिलेलं बघितलं नाही.

अजून एक. माझ्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. डेअरीवाला तो तूप-लोण्यावरच्या करात पुढं वळता करून घेतो. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर, तिला राज्याचा व्हॅट. त्यामुळं तुमचे १८ टक्के गेले ते गेलेच. हे ऐकून एकजण चहा अर्धा टाकून उठला होता.

खरंच पैसे कमी असतील तर आधी टाकीच घेऊ नका, हे मी माझ्या पोटावर पाय देऊन सांगतो. आधी दुसऱ्याच्या टाकीत करून घ्या. बिरा ही बिअर २०१५ साली आली तेव्हा बेल्जियममध्ये दुसऱ्याच्या कारखान्यात तयार होऊन यायची.

तो हॉटेलवाला टिकला. उरलेला माल्टचा चोथा, आदणामागं शंभरेक किलो, शेजारच्या वस्तीवरचे एक तात्या म्हशींना नेतात. उन्हाळ्यात दिवसभरात आंबतो, म्हणून सकाळीच बॅरल घेऊन हजर असतात. गेल्या महिन्यात मी गॅस्केट बदलायला गेलो तर फाटकातच गाठलं. "मिस्त्री, टाकी कुणी का करंना," म्हणाले, "पुढचं आदण कवा हाय तेवढं सांगा. म्हशी आता कडबा तोंडात धरंनात."