दुष्काळात आटलेला पान्हा परत कसा आला: माझा अनुभव

माझी लेक डिसेंबर २०१८ मध्ये झाली. त्याआधी महिना-सव्वा महिना, ३१ ऑक्टोबरला, सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. आमचा बीड जिल्ह्यातला आष्टी तालुका त्यात होता. जन्मली तेव्हा तिचं वजन २ किलो ४०० ग्रॅम भरलं. थोडं कमीच, पण पोरगी ओढून प्यायची. पहिले तीन महिने सगळं बरं चाललं. मार्चपासून बिघडत गेलं, आणि ते रोज थोडं थोडं बिघडलं म्हणून घरात कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

तेव्हाचे दिवस सांगते, म्हणजे हे कसं झालं ते कळेल. हे दोन बैल आणि गाय घेऊन चारा छावणीत राहायला गेले होते. घरी सासू-सासरे, चार वर्षांचा मोठा मुलगा, मी आणि तान्ही. टँकर यायचा आणि गावच्या कोरड्या विहिरीत पाणी ओतून जायचा. मग आम्ही बाया दोर टाकून ते शेंदायचो. माणशी २० लिटरचा हिशेब होता, पण टँकर कधी येणार याला वेळ नव्हती. सकाळी दहाला येईल म्हणून जाऊन बसावं तर दुपारी तीनला यायचा. उठून घरी आलं की नंबर जायचा. लेकराला उन्हात नेणं शक्य नव्हतं, म्हणून ती आत्याबाईंजवळ, म्हणजे माझ्या सासूबाईंजवळ, राहायची.

रडली की आत्याबाई तिला बाटली द्यायच्या. शेळीचं दूध आणि त्यात दुप्पट पाणी. एक तर शेळीच पेलाभर दूध द्यायची, आणि निखळ दूध तान्ह्याला जड जातं असं सगळ्याच जुन्या बाया सांगतात. शिवाय ऊन एवढं की घसा सुकत असेल म्हणून मधूनमधून चमचाभर पाणी. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. आत्याबाई स्वतः अर्धी भाकरी खाऊन माझ्या ताटात एक टाकायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आधी विहिरीवर असताना माझा पदर ओला व्हायचा. एप्रिलच्या मध्यापासून तो कोरडा राहायला लागला. घरी येऊन पाजायला घेतलं की पोरगी दोन मिनिटं चोखायची आणि तोंड फिरवायची. बाटलीतलं सोपं असतं, आपोआप गळतं. मी म्हटलं, आटलं माझं दूध. आत्याबाई म्हणाल्या, "आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार, बाय?" मला ते पटलं. गावातले सगळे आड आटले होते, माझंही आटलं.

एप्रिलच्या शेवटी तिला जुलाब लागले. बाजारच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. त्यांनी जुलाबाचं औषध, एक लोहाचं टॉनिक आणि दूध पावडरचा डबा दिला. डबा महाग होता. तो पुरवायचा म्हणून दोन चमच्यांच्या जागी आम्ही एकच टाकत गेलो. जुलाब थांबले, पण पोरगी शांत होत गेली. रडायची नाही, खेळायची नाही. शेजारणी म्हणायच्या, किती गुणाचं लेकरू आहे. त्या शांतपणाची आठवण आली की आजही माझ्या पोटात कालवतं.

वजनाच्या दिवशी मी दोनदा अंगणवाडीत गेले नव्हते. मेमध्ये ताई वजनकाटा घेऊन स्वतःच घरी आल्या. काटा तुळईला टांगला, झोळीत लेकराला ठेवलं. ३ किलो ८५० ग्रॅम. पाच महिन्यांची पोर. ताईंनी तिला उताणं निजवून लांबी मोजली, ती ५८ सेंटिमीटर भरली. मग उलटं करून मांड्यांमागची, कुल्ल्यांवरची लोंबणारी कातडी मला दाखवली. मी रोज तिला न्हाऊ घालत होते, पण तशी पाहिली नव्हती. पत्र्याच्या पेटीतून माता-बाल संरक्षण कार्ड काढलं. त्यावरच्या वजनाच्या आलेखात पहिले तीन ठिपके वर चढलेले होते. ताईंनी आजचा ठिपका काढला तो पार खालच्या पट्ट्यात पडला.

"ही सॅममध्ये आहे," त्या म्हणाल्या.

म्हणजे काय, मी विचारलं. "तीव्र कुपोषित."

तो शब्द मी पेपरात मेळघाटच्या बातमीत वाचला होता. आमची पाच एकर जमीन, मी बारावी शिकलेली. आमच्या घरात हा शब्द कसा येईल? मला राग आला, आणि लाज त्याहून जास्त वाटली. ताई ओसरीवर तासभर बसल्या. म्हणाल्या, कुपोषण ओळखायला दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी सहा महिन्यांच्या पुढच्या लेकरांना लावतात, हिला लावता येत नाही, पण इतक्या लहान वयात वजन एवढं घसरलं तर गावात इलाज होत नाही, भरती करावंच लागतं. सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला पाकिटातला पोषण आहारही देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात गेलो तर डॉक्टर नव्हते. त्याच्या पुढच्या दिवशी भेटले. त्यांनी तपासून चिठ्ठी दिली: पोषण पुनर्वसन केंद्र, म्हणजे कुपोषित लेकरांना आईसोबत भरती करून घेतात ती जागा. त्या रात्री घरात जे बोलणं झालं ते मी सगळं लिहीत नाही. चौदा दिवस तरी राहावं लागेल, मग पाणी कोण शेंदणार, छावणीत डबा कोण नेणार, मोठ्याला कोण बघणार? हे प्रश्न खरे होते. कुपोषणाबद्दल बोलणारे लोक आईला अडाणी म्हणून मोकळे होतात. अडचण बहुतेक वेळा अडाणीपणाची नसते, घरात दुसरे दोन हात नसतात. शेवटी मामा, माझे सासरे, म्हणाले, "पाण्याचं मी बघतो. तू लेकराला घेऊन जा." सत्तरीच्या माणसानं तीन आठवडे पाणी शेंदलं. सकाळी १०२ ची गाडी आली. वर्षाच्या आतल्या लेकरासाठी तिचे पैसे पडत नाहीत.

केंद्र म्हणजे रुग्णालयातलीच एक खोली होती. दहा खाटा, भिंतीवर रंगीत चित्रं, कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा. आल्या आल्या सिस्टरनं टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासली, काखेत थर्मामीटर लावला. दोन्ही पावलं अंगठ्यानं दाबून पाहिली, खड्डा पडतो का म्हणून. मला कळेना. शेजारच्या खाटेवर दीड वर्षाचा मुलगा होता, चांगला गुबगुबीत दिसत होता. त्याच्या पावलावर खड्डा पडला आणि तसाच राहिला. ती सूज होती, बाळसं नव्हतं. मग माझ्या लेकीला कपडे काढून माझ्या छातीशी उघडं धरायला लावलं, वरून दोघींना पांघरूण. मे महिन्यात पांघरूण! पण अशा लेकरांचं अंग लगेच गार पडतं, साखरही उतरते, आणि रात्री त्यातच धोका असतो, असं सिस्टरनं सांगितलं.

पहिले काही दिवस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडं थोडं दूध. आधी मी छातीला लावायचं, मग ते वाटी-चमच्यानं. त्याला तिथं एफ-७५ म्हणतात, म्हणजे १०० मिलीत ७५ कॅलरी. माझ्या मनात यायचं, लेकरू उपाशी आहे तर पोटभर का देत नाहीत? डॉक्टर मॅडमनी समजावलं की उपासमारीत आतले अवयवही मंदावलेले असतात, एकदम जास्त दिलं तर हृदयावर ताण येतो. खासगी दवाखान्यातलं टॉनिकही त्यांनी बंद केलं. लोह सुरुवातीला बाधतं, वजन वाढायला लागल्यावर देऊ, म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी वजन ३० ग्रॅमनं उतरलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

मग मॅडमनी विचारलं, "अंगावरचं किती येतं?"

मी म्हटलं, आटलंय. आमच्याकडं म्हणतात ना, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हा आड वेगळा आहे. हा उपसला तरच भरतो. तुम्ही उपसणंच बंद केलं."

पाचव्या दिवशी नळी सुरू झाली. नाकातून पोटात घालतात तसलीच बारीक नळी. तिचं एक टोक दुधाच्या वाटीत, दुसरं माझ्या बोंडाशी चिकटपट्टीनं लावलेलं. लेकराच्या तोंडात बोंड आणि नळी दोन्ही एकदम जातात. ती चोखते तेव्हा वाटीतलं दूध नळीतून वर चढतं. तिला वाटतं आईच्या अंगातूनच येतंय, म्हणून ती सोडत नाही. आणि तिच्या चोखण्यानं आईच्या शरीराला निरोप जातो की दूध हवंय. सुरुवातीला वाटी बोंडाच्या चार बोटं खाली धरायची, म्हणजे अशक्त लेकराला ओढायला जड जात नाही. ताकद येईल तशी वाटी खाली न्यायची, पार वीतभर आणि पुढे.

पहिले दोन दिवस फजिती झाली. चिकटपट्टी घामानं सुटायची, नळी निसटायची, दूध माझ्या पोटावर सांडायचं. दर तीन तासांनी ६० मिली, त्यातलं निम्मं लुगड्यावर. तिथल्या मदतनीस मावशी वाटी धरून माझ्यासमोर बसायच्या. "घाई न्हाई बाय, तिला तिचं गवसू दे," म्हणायच्या. सातव्या दिवशी पहाटे मी वाटीकडं बघत होते. दूध नळीत चढलं, थांबलं, परत चढलं. लेकरानं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि चोखत राहिली. तोवर ती कुणाकडं बघतच नव्हती.

वाटीतलं ते दूध म्हणजे एफ-१००, म्हणजे १०० मिलीत १०० कॅलरीचं, त्यात पाणी घालून पातळ केलेलं. मी मॅडमना विचारलंच, आम्हीही पाणीच घालत होतो, मग आमचं काय चुकलं? त्यांनी नीट उत्तर दिलं. मूळ दूध साखर, तेल आणि क्षार घालून दाट केलेलं असतं, ते इतक्या लहान लेकराच्या मूत्रपिंडाला झेपावं म्हणून मोजून पातळ करतात, आणि तेही उकळलेल्या पाण्यानं. आमच्याकडं शेळीच्या दुधात विहिरीतलं गढूळ पाणी पडत होतं आणि ताकद निघून जात होती. हे दूध घरी करायचं नसतं, असंही त्यांनी बजावलं.

मलाही तिथं दोन वेळचं जेवण मिळायचं. भात, वरण, भाजी, अंडं. घरी अंगणवाडीतून माझ्या नावानं शिरा आणि सुकडीची पाकिटं यायची, ती सगळ्यांत वाटली जायची. मोठा मुलगा समोर बसलेला असताना आई एकटी कशी खाईल? इथं पहिल्यांदा माझं ताट माझं होतं.

यानंतरचा हिशेब मला फार आवडला. वाटीतलं दूध वाढवायचं नाही, ६० मिलीच ठेवायचं. तरी वजन वाढत गेलं, तर ती वाढ आईच्या दुधाची. रोज सकाळी त्याच वेळी वजन. २०, २५, १५, २० ग्रॅम. बाराव्या दिवशी वाटी निम्म्यावर आणली, ३० मिली. वजन वाढतच राहिलं. पंधराव्या दिवशी नळी काढली. त्या दुपारी ती झोपलेली असताना शेजारच्या खाटेवरचं लेकरू रडलं आणि माझा पदर ओला झाला. मी कितीतरी वेळ तो तसाच धरून बसले.

नळीशिवाय तीन दिवस वजन वाढलं तेव्हा ७ जूनला घरी सोडलं. ४ किलो १२० ग्रॅम. पोरीचं बाळसं कुठं दिसत नव्हतं, पण ती रडत होती, आणि जोरात. सूज असलेल्या मुलाची आई नवव्या दिवशीच निघून गेली होती. घरी तिच्या दोन मुली होत्या, त्यांना सांभाळायला कुणी नव्हतं. बुडीत मजुरी मिळते, पण ती नंतर बँकेत येते. मुलींना त्या दिवशी भाकरी कोण करून देणार? मोठ्या भावंडांना आईसोबत राहू देण्याची सोय केंद्रात असायला हवी, हे मी तिथं अभिप्रायाच्या वहीत लिहून आले.

घरी आल्यावर आत्याबाईंनी बाटली स्वतः चुलीत घातली. जूनभर पाऊस लांबला, टँकर चालूच राहिले. पण मी विहिरीवर असले की मामा लेकराला पाजण्यासाठी तिथं घेऊन यायचे, आणि बाया मला नंबर धरून द्यायच्या. सहा महिने पूर्ण झाल्यावर मुगाचं घट्ट वरण-भात तेल टाकून सुरू केला, अंगावरचं चालूच ठेवून. आता दंडाची पट्टी लावता येत होती. पहिल्यांदा ११.२ सेंटिमीटर, लाल. साडेअकराच्या खाली लाल असतं. गावातल्या बाल विकास केंद्रात, म्हणजे अंगणवाडीतच कुपोषित लेकरांना जादा आहार देतात तिथं, नाव घातलं. दर पंधरा दिवसांनी रुग्णालयात तपासणी, अशा चार केल्या. चौथ्या वेळी ११.९, पिवळी. वर्षाची झाली तेव्हा १२.८, हिरवी.

कुणावर ही वेळ आली तर आधी अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना गाठा, चिठ्ठी आणि गाडी त्यांच्यामुळे लवकर मिळते. सोबत माता-बाल कार्ड, आधार आणि आईच्या नावाचं बँक पासबुक घ्या. आईचे पुढून उघडणारे तीन-चार ब्लाऊज घ्या, लुगडी जास्तीची घ्या, दूध सांडतं. लेकरासाठी एक वाटी आणि एक लहान चमचा. बाटली नेऊ नका, ती दारातच काढून घेतात.