तुम्ही विचारलंत म्हणून : यादी लिहिणाऱ्याचं काय?

वाचनालयात दुसऱ्या महायुद्धावर बोललो की चहाच्या वेळी कोणीतरी गाठतंच. "कोटणिसांच्या गावचे ओ तुम्ही. बॉम्ब टाकणाऱ्यांच्या मनाचं काय घेऊन बसलात?" मागे एका कॉलेजच्या मुलीनं तर सरळच विचारलं, "काका, खाली शहरं जळत होती, आणि वरच्या साहेबाच्या मनावरचं ओझं मोजायचं?"

प्रश्न रास्त आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, जपानी आक्रमणात होरपळलेल्या माणसांवर उपचार करायला, आणि ९ डिसेंबर १९४२ला तिकडेच वारले, बत्तीस वर्षांचे. सोलापूरनं ज्याचं स्मारक केलं तो माणूस बॉम्बच्या खालच्या बाजूचा. मी वाचत बसतो वरच्या बाजूचं. का, ते चहाच्या कपात मावत नाही, म्हणून लिहितोय.

मी एसटीत होतो. नोकरीची शेवटची बरीच वर्षं ड्युट्या लावण्यात गेली. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या सुटतात तेव्हा रजा बंद असते, तरी कोणी ना कोणी टेबलापाशी येऊन उभा राहतोच. साहेब, पोरगी तापानं फणफणलीय, आजच्या दिवस सोडा. सोडायला हरकत नसते, पण गाडी तर सुटणारच. त्याचं नाव खोडलं की त्या जागी दुसऱ्याचं लिहायचं, आणि त्यालाही घर असतं. माझ्या खोडण्यानं कोणाची फार तर एक रात्र जागरणात जायची. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या विमानतळांवर १९४३ साली पंचविशी-तिशीतली पोरं हेच काम करत होती. त्यांनी एकाला वगळून दुसऱ्याला पाठवलं तर तो दुसरा सकाळी जिवंत असेलच याची खात्री नव्हती. यापुढे तुलना ताणत नाही, ताणू नये.

ब्रिटिश बॉम्बर कमांड म्हणजे त्यांच्या हवाई दलाची बॉम्ब टाकणारी शाखा. तिच्या एका स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे तुकडीत, साधारण वीस विमानं. लँकेस्टर जातीचं असेल तर विमानात सात जण, आणि ते वरून नेमलेले नसायचे. प्रशिक्षणाच्या तळावर सगळ्यांना एका हँगरमध्ये सोडून द्यायचे आणि सांगायचे, आपापली जमवाजमव करा. बऱ्याच जणांची गट्टी अशी तासाभरात जमली, आणि पुढे ते एकमेकांना सोडायला तयार नसत. एखाद्या गनरला सर्दी झाली नि त्याच्या जागी परका माणूस आला की बाकीचे सहा जण अपशकुन समजायचे. म्हणजे कमांडरला एकाला वगळतानाही सात जणांची मोडतोड करावी लागायची.

हिशेब सगळ्यांना येत होता. तीस मोहिमा झाल्या की पहिला टप्पा संपायचा, मग काही महिने शिकवण्याचं काम, मग पुन्हा वीस. रात्री शंभरातली चार विमानं परतली नाहीत तर ती काही फार वाईट रात्र मानली जात नव्हती. पण चार टक्के तीस वेळा लावून बघा. शंभरातले तीससुद्धा उरत नाहीत. युद्धभरात सुमारे १,२५,००० वैमानिक-सहकारी उडाले, त्यांतले ५५,५७३ मेले. आणि सगळे स्वयंसेवक, कोणी पकडून आणलेले नव्हते.

मला सगळ्यात जास्त खिळवतो तो ऑपरेशन्स रूममधला फळा. विमानाचं अक्षर, पायलटचं नाव, सुटल्याची वेळ, आणि शेवटचा रकाना उतरल्याच्या वेळेचा. पहाटेपासून हवाई दलातली एखादी मुलगी तो रकाना भरत जायची. काही ओळी रिकाम्या राहायच्या. मग दुसऱ्या विमानतळांना फोन, कोणी तिकडे उतरलंय का. तोवर कमांडर तिथंच. पेट्रोल किती तास पुरतं हे त्याला पाठ असायचं, त्यामुळे अमुक वाजल्यानंतर आशेला काही अर्थ नाही हेही ठाऊक असायचं. ३० मार्च १९४४च्या रात्री जर्मनीतल्या न्यूरेंबर्गवर ७९५ विमानं निघाली आणि ९५ परत आली नाहीत. त्या पहाटे कितीतरी तळांवर असे फळे समोर घेऊन माणसं बसली असतील. आणि दुपारपर्यंत वरून फोन आला की पुढची यादी करायची, मेलेल्यांच्या जागी आलेल्या नव्या पोरांसकट.

यात कोणी "मला जमत नाही" म्हणाला तर? त्याच्यासाठी हवाई दलानं शिक्का तयार ठेवला होता, 'लॅक ऑफ मॉरल फायबर', म्हणजे मनोधैर्य नाही. छातीवरचा उडण्याचा बिल्ला काढून घ्यायचे आणि माणूस तळावरून दिसेनासा व्हायचा, शक्यतो त्याच दिवशी. वीस मोहिमा केलेल्या माणसालाही हा शिक्का बसू शकत होता. मला ही पद्धत निव्वळ क्रूर वाटते. पण लिओनार्ड चेशायर वाचला आणि माझा राग जरा अडखळला. तो ७६ स्क्वाड्रनचा कमांडर, पंचविशीचा. (कोटणीस वारले तेव्हा तो याच खुर्चीत होता.) जमिनीवर काम करणाऱ्या मेकॅनिकांचीसुद्धा नावं पाठ करून ठेवणारा माणूस. त्यानंच पुढे मोकळेपणानं सांगितलं, की अशा प्रकरणांत मी निष्ठुर होतो, व्हावंच लागलं. एका घाबरलेल्या माणसाची भीती बाकीच्यांना लागेल ही धास्ती होती, आणि हवी तेवढी दया दाखवायला वेळ नव्हता. दयाळू माणसाला निष्ठुर व्हावं लागणं हे जन्मजात निष्ठुर असण्यापेक्षा जास्त महागात पडत असणार, असं माझं मत.

पत्रांचंही तेच. विमान परतलं नाही की घरच्यांना आधी तार, मग कमांडरचं पत्र. मेलेल्याचं कपाट आवरायला वेगळी माणसं असायची, ती खिसे आणि पत्रं आधी चाळायची, घरच्यांना लागेल असं काही जायला नको म्हणून. १६-१७ मे १९४३च्या रात्री गाय गिब्सन या दुसऱ्या एका कमांडरच्या १९ विमानांनी जर्मनीतली रूरकडची धरणं फोडायला झेप घेतली. ८ विमानं परत आली नाहीत. ५३ मेले, तिघे कैद झाले, पण सकाळी हे कुठे कळलं होतं? तारा गेल्या छप्पन्न घरी.

हे सांगितलं की माझा एक जुना मित्र, गिरणीतून निवृत्त झालेला, दर वेळी एकच विचारतो. "धरणाखाली किती?" सुमारे १,३०० माणसं. त्यांत शेकडो परदेशी मजूर, जर्मनांनी धरून आणलेले. नेहाइमजवळच्या छावणीत युक्रेन-रशियाकडच्या बाया होत्या, पाणी त्यांच्यावर आलं. "त्यांच्या घरी तार कोणी केली ओ?" यावर माझ्याकडे उत्तर नसतं, आणि मी द्यायचा प्रयत्नही करत नाही.

एक गोष्ट मात्र उलटी आहे. आपल्याला वाटतं, उडणं कठीण आणि मागे राहणं सोपं. चेशायरला ग्रुप कॅप्टन करून मोठ्या तळाचा साहेब केलं, म्हणजे उडणं जवळपास बंद. त्यानं स्वतःहून पायरी उतरवून घेतली आणि गिब्सननं धरणांवर नेलेलं ६१७ स्क्वाड्रन मागून घेतलं, पुन्हा उडता यावं म्हणून. गिब्सनही टेबलावर टिकला नाही. हट्टानं परत गेला आणि सप्टेंबर १९४४मध्ये हॉलंडमध्ये कोसळून मेला, सव्वीस वर्षांचा. लोक याला वेडं धाडस म्हणतात. मला वाटतं, दुसऱ्यांची नावं लिहिण्यापेक्षा त्यांत आपलं नाव घालणं त्यांना हलकं वाटत असावं. बॉम्बर कमांडचा मुख्य हॅरिस हाय वायकमला बसून रोज सकाळी लक्ष्य ठरवायचा, तळांवर क्वचितच जायचा. त्याच्या झोपेची चौकशी मला करावीशी वाटत नाही. त्याच्यासमोर आकडे होते, चेहरे नव्हते.

९ ऑगस्ट १९४५ला नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा चेशायर निरीक्षक म्हणून विमानात होता. युद्धानंतर त्यानं अपंग आणि असाध्य रुग्णांसाठी घरं काढली, आपल्याकडे देहरादूनलाही. लोक लगेच म्हणतात, प्रायश्चित्त. मला पटत नाही. बॉम्बनं युद्ध थांबलं असंच तो पुढेही म्हणत राहिला. सुरुवात अशी झाली, की १९४८ साली हवाई दलातला एक जुना माणूस कॅन्सरनं मरणाला टेकला होता आणि त्याला जायला जागा नव्हती. चेशायरनं त्याला आपल्या घरी आणलं आणि शेवटपर्यंत स्वतः त्याचं सगळं केलं. मला वाटतं, इथं त्याला एकाला ठेवून घेण्यासाठी दुसऱ्याला पाठवावं लागत नव्हतं.

मित्राला हे मान्य नाही. तो म्हणतो, तू ड्युट्या लावणारा, तुला सगळीकडे ड्युटीचं टेबलच दिसतं. असेल.