जेपेग की मोशन जेपेग: एका कॅमेरा-ड्रायव्हरचा अनुभव

यंत्रावर बसवलेल्या एका यूएसबी कॅमेऱ्याचा ड्रायव्हर (कॅमेरा चालवणारा प्रोग्रॅम) लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात, दाखल करण्याचे काम माझ्याकडे आले. उत्पादकाचा मूळ ड्रायव्हर चालत होता. मात्र कॉम्प्रेस केलेल्या चित्राला त्यात स्वतःचाच चार अक्षरी संकेत दिलेला असल्यामुळे उत्पादकाच्या प्रोग्रॅमखेरीज इतर कोणालाही ते चित्र उघडता येत नव्हते. व्हिडिओ फॉर लिनक्स २ या लिनक्समधल्या कॅमेरा-व्हिडिओच्या व्यवस्थेत प्रत्येक फॉरमॅटला असा संकेत असतो आणि त्याच्याच भरवशावर प्रोग्रॅम आपला डीकोडर, म्हणजे चित्र उलगडणारा भाग, निवडतो.

कॉम्प्रेशन टाळण्याचा पर्याय नव्हता. १२८० × ७२० चित्र प्रत्येक पिक्सेलला दोन बाइट याप्रमाणे सेकंदाला ३० वेळा पाठवायचे, तर सेकंदाला सुमारे ५.५ कोटी बाइट होतात, आणि यूएसबी २.० वर एका आयसोक्रोनस एंडपॉइंटची (ठरावीक वेळेला सलग माहिती नेणाऱ्या मार्गाची) मर्यादा २.५ कोटींच्याही आत आहे.

म्हणून प्रश्न उरला तो कॅमेऱ्याच्या कॉम्प्रेस केलेल्या चित्राला जेपेग (एकेक स्थिर चित्र) म्हणायचे की मोशन जेपेग (जेपेग चित्रांच्या मालिकेचा व्हिडिओ), एवढाच. संकेत दोन्ही आहेत. पण कर्नलच्या दस्तऐवजात त्यांचे वर्णन इतके त्रोटक आहे की निवाडा त्यावरून होत नाही, आणि निरनिराळ्या ड्रायव्हरांनी तो निरनिराळा केलेला दिसतो. अखेर मी फ्रेमचे बाइटच उघडून पाहिले. सुरुवातीची एफएफ डी८ ही खूण होती, शेवटची एफएफ डी९ होती, पण हफमन तक्त्यांचा, म्हणजे बाइट उलगडायला लागणाऱ्या संकेत-तक्त्यांचा, एफएफ सी४ हा भाग कुठेच नव्हता. अनेक वेबकॅम असेच करतात: १९९२ च्या जेपेग मानकाच्या परिशिष्टात नमुना म्हणून दिलेले तक्ते गृहीत धरतात आणि प्रत्येक फ्रेममागे सुमारे ४२० बाइट वाचवतात. मोशन जेपेगचा डीकोडर हे तक्ते स्वतः घालून घेतो. निव्वळ जेपेग वाचणारा जुना डीकोडर मात्र तक्ता नाही म्हणून थांबतो. त्यामुळे मोशन जेपेग हाच संकेत खरा ठरत होता.

ड्रायव्हरनेच तक्ते जोडून पूर्ण जेपेग द्यावे, असे आमच्यातल्या एकाचे मत होते. मला ते पटले नाही. चित्राचे रूपांतर कर्नलमध्ये करायचे नाही, हा तिथला जुना दंडक आहे आणि तो योग्यच आहे. असे रूपांतर कर्नलबाहेर करणारी लिबव्हीफोरएल ही लायब्ररी २००८ च्या सुमारास त्याच गरजेतून पुढे आली.

उरलेले बदल बारीक होते. कॉम्प्रेस केलेल्या चित्राला ओळीची ठरावीक लांबी नसते, म्हणून मूळ ड्रायव्हरने रुंदीवरून मोजलेला आकडा हटवून तिथे शून्य ठेवले. बफरचा (फ्रेम साठवण्याच्या जागेचा) आकार सर्वांत मोठ्या संभाव्य फ्रेमला पुरेल एवढा सांगितला आणि प्रत्यक्ष आलेले बाइट प्रत्येक फ्रेमसोबत वेगळे कळवले. दर्जा ठरवण्यासाठी असलेली जुनी, खास जेपेगसाठीची आयओसीटीएल (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला द्यायची आज्ञा) वगळून तेच काम नेहमीच्या कंट्रोलकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या सर्वसाधारण सेटिंगकडे, दिले. त्यानंतर व्हीफोरएल२-कम्प्लायन्स हे तपासणीचे साधन चालवले आणि सही करून पॅच (कोडमधले बदल) पाठवले.

परीक्षणात एकच मोठी सूचना आली: दोन्ही संकेत जाहीर करण्याचा जो पर्याय मी सोयीसाठी ठेवला होता, तो काढावा, कारण एकाच बाइटप्रवाहाला दोन नावे दिली तर प्रोग्रॅमने कोणते मागायचे हे पुन्हा अनिश्चित होते. तो काढल्यावर आमच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये मागायचा संकेत तेवढा बदलावा लागला.