बेडरूमसाठी स्मार्ट टीव्ही घ्यावा की नाही: आम्ही आधी भिंतीवर पेपर चिकटवला

बेडरूममध्ये टीव्ही नको हे आमच्या घरात लग्न झाल्यापासून ठरलेलं होतं, आणि नवऱ्याचं नि माझं ज्या थोड्या गोष्टींवर पहिल्यापासून एकमत आहे त्यातली ही एक. विक्रोळीला कन्नमवार नगरात आमचं वन बीएचके, बेडरूम दहा बाय नऊ, त्यात बेड, लोखंडी कपाट आणि मुलीचं टेबल, एवढं झालं की चालायला पट्टीभर जागा उरते. हॉलमध्ये 43 इंची टीव्ही आहे, सहा वर्षं जुना, मस्त चालतो. मग गेल्या नोव्हेंबरमध्ये सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, गुडघा बदलला, आणि त्याच वर्षी मुलगी दहावीला.

आईंना बेडरूम दिली कारण बाथरूम तिथून जवळ. मुलीचं टेबल हॉलमध्ये आलं. आता संध्याकाळी सात ते दहा आईंच्या मालिका, आणि नेमकं तेव्हाच हिचं गणित. पहिले दहा दिवस आईंनी काही म्हणजे काही म्हटलं नाही, टीव्ही बंद राहिला तरी चालेल म्हणाल्या, पण ज्या बाईचा दिवस सातच्या मालिकेपाशी येऊन थांबतो ती सात वाजता छताकडे बघत पडलीये हे मला बघवेना.

आधी फोन दिला. फोन छातीवर धरून हात भरून येतात, स्टँडवर ठेवला तर लांब पडतो, बारीक दिसतो. मग मुलीचा टॅब दिला तर तो क्लासच्या लेक्चरसाठी तिलाच लागायचा. शेवटी नवराच म्हणाला की बघूया एखादा छोटा टीव्ही. मी लगेच हो म्हटलं नाही. मला भीती होती की टीव्ही समोर आला की आई उठणारच नाहीत, आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चालणं हेच अर्धं औषध. फिजिओथेरपीला येणाऱ्या मॅडमना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या टीव्ही लावा, काही हरकत नाही, पण बघताना गुडघ्याखाली उशी घेऊ देऊ नका, बरं वाटतं म्हणून पेशंट घेतात आणि पाय वाकलेलाच आखडतो, घ्यायचीच तर टाचेखाली घ्या म्हणजे गुडघा सरळ राहील. ही गोष्ट मला माहीतच नव्हती, आणि आई तर चार दिवस तेच करत होत्या.

मग सुरू झाली शोधाशोध. दुकानात जाण्याआधी एक काम केलं, ते मी आता प्रत्येकाला सांगते. 32 इंची म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 32, रुंदी साधारण 28 इंच आणि उंची 16. जुने पेपर एकमेकांना चिकटवून तेवढ्याच मापाचा चौकोन कापला आणि बेडच्या समोरच्या भिंतीवर सेलोटेपने लावला. 43 चाही कापला होता, त्याची रुंदी साडेसदतीस इंच येते, तो लावल्यावर कपाटाचं दार अर्धंच उघडणार हे दिसलं, तो विषय तिथेच संपला.

खरी गंमत पुढे आहे. पेपर लावला तो हॉलमधल्या टीव्हीच्या उंचीवर, म्हणजे खुर्चीत बसून बघायला बरोबर. आई दोन उशांवर टेकून पडल्या आणि म्हणाल्या, अगं, मथळा वाचता येत नाहीये, सगळं पुसट दिसतंय. एवढी मोठी अक्षरं! मी म्हटलं आई तुम्हाला हॉलमध्ये तर स्पष्ट दिसतं. मग त्यांनी हनुवटी खाली घेतली, मान जवळजवळ छातीला लावली, तेव्हा दिसलं. पाच मिनिटं मला काही सुधरेना, मग लक्षात आलं की त्यांचा चष्मा दोन नंबरांचा आहे, वर लांबचं आणि खाली वाचायचं. टेकून पडलं की डोकं मागे जातं आणि पायाच्या दिशेला बघताना नजर काचेच्या खालच्या भागातून जाते, म्हणजे वाचायच्या नंबरातून सात फुटांवरचं बघणं. पुसट दिसणारच. पेपर काढला, एक फूट वर लावला, लगेच म्हणाल्या हं, आता दिसतंय, शेअर बाजार पडलाय.

हे कुठल्या दुकानात कळलं असतं? तिथे सगळे टीव्ही उभ्याने बघतो आपण. बेडरूमचा टीव्ही आडवं पडून बघायचा असतो, त्यामुळे जे काय ठरवायचं ते त्या बेडवर पडून ठरवायला हवं असं मला अगदी मनापासून वाटतं. पेपर तीन दिवस भिंतीवर ठेवला. खिडकी पश्चिमेला, चार ते सहा थेट त्या भिंतीवर ऊन, मग जाडा पडदा लागणार हे कळलं. ट्यूबलाइट बेडच्या डोक्यावर, ती काचेत दिसणार, म्हणजे टीव्हीच्या वेळी तिच्याऐवजी बाजूचा पिवळा दिवा. आणि समोरच्या भिंतीवर प्लग पॉइंटच नाही! इलेक्ट्रिशियनला बोलावून दाराच्या चौकटीवरून केसिंग पट्टी टाकून पॉइंट आणला, तेव्हाच हॉलमधल्या राउटरपासून नेटची चपटी वायरही त्याच बाजूने घेतली. वायर का, तर आमच्या बिल्डिंगमध्ये फोनवर वायफाय शोधलं तर वीस-पंचवीस नावं येतात, वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं, त्यातल्या 2.4 गिगाहर्ट्झवर सगळ्यांची गर्दी, आणि 5 गिगाहर्ट्झ वेगवान असलं तरी मधली भिंत आणि लोखंडी कपाट ओलांडून बेडरूमपर्यंत येताना दम तोडतं. स्वस्तातल्या बऱ्याच 32 इंची टीव्हींना तर 5 गिगाहर्ट्झ पकडताच येत नाही, खोक्यावर नुसतं वायफाय लिहिलेलं असतं, म्हणून मुद्दाम विचारायचं. वायर असली की ही भानगडच नाही, फुल एचडी चित्राला 5 एमबीपीएस एवढा नेटचा वेग पुरतो.

स्मार्ट घ्यायचा की साधा, यावर आमची दोन संध्याकाळ चर्चा झाली. आईंना झी मराठी आणि स्टार प्रवाह लागतं, ते सेट टॉप बॉक्सवर येतंच. दुसरा बॉक्स घेतला तर महिन्याला वेगळं भाडं. मग नवऱ्याने डोकं चालवलं, हॉलमधला बॉक्स आता बघतं कोण, आम्ही तिघं तर सगळं अ‍ॅपवरच बघतो, तोच उचलून आत न्या. बरोबरच होतं. मग मी म्हटलं बॉक्सच लावायचा तर साधा टीव्ही पुरे की. पण आई दुपारी फोनवर यूट्यूबला कीर्तन ऐकतात, ते मोठ्या पडद्यावर मिळालं तर त्यांना हवंच होतं. साध्या टीव्हीला स्टिक, म्हणजे मागे खोचली की टीव्हीवर यूट्यूबसारखी अ‍ॅप चालवणारी छोटी कांडी, लावायचा हिशोब केला, आम्हाला सांगितलेल्या किमतीत साधा टीव्ही नऊ हजारांच्या आसपास, स्टिक साडेचार-पाच हजार, बेरीज स्मार्ट टीव्हीच्या घरातच जात होती, वर एक जास्तीचा रिमोट. घरात आधीच चालू टीव्ही पडून असेल आणि त्याला ती खोचायची एचडीएमआयची खाच असेल तर स्टिकच घ्या, नवा टीव्ही घ्यायची गरज नाही, आमच्याकडे तसा नव्हता.

दुकान घाटकोपरचं, नाव घेत नाही. सेल्समन चांगला होता पण त्याला 43 च विकायचा होता. म्हणाला मॅडम आता जीएसटी कमी झालाय, फायदा घ्या. जीएसटी कमी झाला हे खरंय, 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के, पण तो 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवर, 32 वर आधीपासूनच 18 होता. मी हे सांगितल्यावर तो विषय त्याने सोडला. मग म्हणाला फुल एचडी तरी घ्या, एचडी रेडी आता कोण घेतं. एचडी रेडी म्हणजे पडद्यावर 1366 बाय 768 ठिपके, म्हणजे पिक्सेल, फुल एचडी 1920 बाय 1080, फरक आहेच, पण 32 इंचांवर सात-साडेसात फुटांवरून तो डोळ्यांना जवळजवळ कळत नाही. मी टेप घेऊन गेले होते, साडेसात फूट मोजले, दोन्ही टीव्ही शेजारी लावायला सांगितले आणि डेमोच्या व्हिडिओऐवजी चालू चॅनल लावायला लावलं. फरक मलाही कळला नाही, नवऱ्यालाही नाही.

कळला तो दुसराच फरक. आमचा टीव्ही उंच लागणार आणि आई खालून बघणार, शिवाय कधी कुशीवर वळून बाजूने बघणार, म्हणून मी तिथेच खाली बसले आणि मान वर करून बघितलं. एका टीव्हीवर माणसांचे चेहरे खालून एकदम फिके, धुरकट, आणि त्याच किमतीच्या दुसऱ्यावर रंग जसेच्या तसे. समोरून बघताना पहिलाच जास्त छान दिसत होता! हा पॅनलचा, म्हणजे टीव्हीच्या पडद्याचा प्रकार असतो, व्हीए पॅनलमध्ये काळा रंग गडद येतो पण कोनातून फिका पडतो, आयपीएसमध्ये काळा तेवढा गडद नाही पण बाजूनेही नीट दिसतं. बेडरूमसाठी माझं स्पष्ट मत आहे की पैसे यावर घाला, पिक्सेलवर नको. त्याचबरोबर ब्लूटूथ आहे का ते बघितलं, आईंना थोडं कमी ऐकू येतं आणि आवाज वाढवला तर हॉल शांत ठेवायचा उपयोग काय. घरी नेकबँड, म्हणजे गळ्यात घालायचा ब्लूटूथ इयरफोन, जोडल्यावर ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा, ते सेटिंगमध्ये आवाजाचं मागेपुढे करून जुळलं.

साडेचौदा हजारांत टीव्ही आला. फिटिंगला आलेल्या मुलाने फुकटातलं स्टँड आणलं होतं, ते भिंतीला चपटं बसणारं. उंच लावायचा तर पुढे झुकणारं हवं, त्याचे वेगळे पैसे, आधी कोणीच सांगितलं नव्हतं. त्यात पहिल्या भोकाला आमच्या जुन्या भिंतीचं प्लॅस्टर भसाभस पडलं, स्क्रू बसवायची गिट्टी धरेना. जाडी गिट्टी आणि लांब स्क्रू आणायला नवरा खाली पळाला. दोन तास गेले पण आता हलवला तरी हलत नाही. एक राहिलंच, नेटफ्लिक्सचा 149 वाला मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही, आम्हाला त्या रात्री कळलं. आईंना त्याची गरज नव्हती म्हणून सोडून दिलं. विजेचं म्हणाल तर मागच्या लेबलवर 50 वॅट लिहिलंय, रोज पाच तास धरले तरी महिन्याला साडेसात युनिट.

माझी भीती होती ना, आई उठणार नाहीत म्हणून. त्यावर उपाय आईंनीच काढला. जाहिराती लागल्या की त्या वॉकर घेऊन बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत जायच्या आणि परत यायच्या, एका ब्रेकला एक फेरी, मग दोन. अर्ध्या तासाच्या मालिकेत दोन-तीन ब्रेक येतातच. हॉलमधून जाताना नातीच्या डोक्यावर हात ठेवायच्या, काही न बोलता पुढे. मुलगी वहीतून मान वर न करता म्हणायची, आजी, पाचवी फेरी. त्या फेऱ्यांची नोंद तिने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर ठेवली होती, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी.

परीक्षा झाली, आई आता काठीशिवाय चालतात, संध्याकाळी हॉलमध्ये आमच्यात येऊन बसतात आणि सेट टॉप बॉक्स परत बाहेर आलाय. आतल्या टीव्हीवर दुपारी कीर्तन असतं, रात्री साडेदहाला स्लीप टायमरवर तो आपोआप बंद होतो. गेल्या रविवारी ठाण्याहून नणंद आली होती, तिच्या सासऱ्यांसाठी असाच विचार चाललाय. मी कपाटातून तो घडी केलेला पेपर काढून तिला दिला आणि सांगितलं, आधी त्यांचा चष्मा कुठला आहे ते बघ.