तिऱ्हे ते मंगळवेढा : वारीच्या वाटेवर त्रैक्याची गोष्ट

आषाढीला सोलापुरातून मंगळवेढ्याच्या रस्त्याने दिंड्या पंढरीकडे निघतात, तेव्हा आम्ही काही ख्रिस्ती माणसंही त्यांच्यासोबत चालतो. सीनेकाठी तिऱ्ह्याला चहा घेताना ओळखपाळख होते आणि कुणीतरी विचारतंच, ‘‘माउली, तुमच्यात तीन देव असतात ना?’’

‘‘नाही माउली, देव एकच.’’ उत्तराची सुरुवात इथूनच करावी, तिनाच्या आकड्यापासून नको. परमेश्वर एकच, असं रोज म्हणणाऱ्या यहुदी लोकांत येशू वाढला. त्याचे पहिले शिष्यही तेच म्हणत मोठे झाले. त्यांच्यातल्याच थोमाने मरणातून पुन्हा उठलेल्या येशूला ‘माझ्या प्रभू, माझ्या देवा’ म्हटलं. आणि हाच येशू स्वतः देवाला पिता म्हणून त्याच्याकडे प्रार्थना करत असे. एकालाही न सोडता हे सगळं एकत्र धरायचं, एवढ्यासाठी त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र (येशू) आणि पवित्र आत्मा हे तिघं मिळून एकच देव, ही शिकवण मांडली गेली. ती गणितातून आलेली नाही, उपासनेतून आलेली आहे.

बोलायचं ते विसाव्याला. टाळ-मृदंग सुरू झाला की गप्प चालावं. चालता चालता कुणी विचारलंच, तर एका वेळी एकच मुद्दा सांगावा. दम लागलेल्या माणसाला लांब वाक्य झेपत नाही. पाऊस झाला असेल तर डांबराची कड सोडू नये. शेजारची काळी माती चपलेला अशी चिकटते, की दहा पावलांत पाय जड होतो आणि पट्टा तुटतो.

तिऱ्ह्यापासून कामतीपर्यंत दृष्टान्तांची सरबत्ती होते. पाणी, बर्फ आणि वाफ हा सगळ्यांचा आवडता. तो घेऊ नये. त्यातून एकच देव तीन वेश पालटतो असा अर्थ निघतो. तिसऱ्या शतकात साबेल्लिया नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाचं नाव जोडलं गेलं ते याच मताला, आणि मंडळीने, म्हणजे चर्चने, ते नाकारलं. यार्देन नदीत येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पुत्र पाण्यात उभा, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि पित्याची वाणी आकाशातून येतेय. तिघं एकाच वेळी आहेत. बेलाचं पान दाखवलं तर चूक उलट्या बाजूला होते : प्रत्येक पान एक तृतीयांश. पिता एक तृतीयांश देव नाही, पूर्ण देव आहे. पुत्रही पूर्ण, आत्माही पूर्ण.

अक्कलकोट जवळ असल्याने दत्तगुरूंची आठवण निघणं साहजिक आहे. आदराने ऐकावं आणि फरकही स्पष्ट सांगावा. ख्रिस्ती शिकवणीत उत्पत्ती एकाकडे, पालन दुसऱ्याकडे अशी वाटणी नाही. जग पित्याने पुत्राच्या द्वारे निर्माण केलं आणि आत्मा तेव्हाही जलांवर होता. पिता पुत्र नव्हे आणि पुत्र आत्मा नव्हे, पण काम तिघांचं एकच.

बेगमपूर-माचणूरकडे भीमा लागते. तिथला विसावा लांबला तर निकेयाची गोष्ट सांगावी, कारण खरा पेच तिथे सुटला. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस म्हणत होता की पुत्र सर्वांत श्रेष्ठ असला तरी निर्माण केलेलाच; तो नव्हता अशी वेळ होती. ऐकायला हे सोपं वाटतं, म्हणूनच पसरलं. 325 साली निकेया शहरात भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ठरवलं : पुत्र जन्मलेला, निर्मिलेला नव्हे, पित्याशी एकतत्त्व. पुढे अलेक्झांड्रियाचाच बिशप अथनासियस आयुष्यभर हेच सांगत राहिला, पाच वेळा हद्दपार होऊनही. त्याचं म्हणणं साधं होतं. पुत्र निर्मितीपैकीच एक असेल, तर आपण निर्मितीची पूजा करतोय, आणि निर्मिती निर्मितीला तारू शकत नाही. पवित्र आत्म्याबद्दल श्रद्धांगीकारात, म्हणजे मंडळीच्या विश्वासाच्या जाहीर कबुलीत, सविस्तर शब्द आले ते 381 सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत : जीवन देणारा प्रभू, पिता व पुत्र यांच्यासह ज्याची उपासना होते.

‘‘पण एवढं कशाला हवं?’’ हा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि तो बहुधा वयस्कर माळकऱ्यांकडूनच येतो. देव प्रीती आहे, असं बायबलमध्ये योहान लिहितो. जग नव्हतं तेव्हा देव कुणावर प्रेम करत होता? येशूच्या प्रार्थनेत उत्तर आहे : जगाच्या स्थापनेपूर्वीच पित्याने पुत्रावर प्रीती केली. म्हणजे प्रेम करण्यासाठी देवाला आपली गरज पडली नाही. तो आपल्याला त्या आधीपासूनच्या प्रेमात सामील करून घेतो. हे ऐकून माळकरी थोडा वेळ बोलत नाहीत, मग पुढचं विचारतात, आणि इथून बोलणं खरं रंगतं.

मंगळवेढ्यात चोखोबांचं नाव निघतं. तिथे आपण ऐकायचं. पुढे पंढरपूरपर्यंत गर्दी इतकी दाटते की धड बोलताही येत नाही; कुणाचं विचारायचं राहिलं असेल तर मंगळवेढ्याच्या मुक्कामी, जेवणं झाल्यावर बसावं.