कापरेकरांचा ६१७४ आणि ‘का’ विचारणारा वाचक

गणिताचे प्राध्यापक असलेल्या माझ्या एका स्नेह्यांशी माझा एक वाद अनेक वर्षे चालू आहे आणि तो मिटावा अशी दोघांचीही फारशी इच्छा नाही. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी आयुष्यभर जे केले त्याला गणित म्हणावे की अंकांची करमणूक, हा तो वाद. प्राध्यापक दुसऱ्या बाजूचे आहेत. मी पहिल्या बाजूचा आहे, पण माझ्या बाजूचे लोक सहसा जी कारणे देतात ती मला पटत नाहीत, म्हणून हे लिहीत आहे.

कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, ठाण्यात शाळा शिकले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले, १९३० पासून देवळालीच्या शाळेत शिकवू लागले आणि १९६२ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली नोकरी नाही, मार्गदर्शक नाही. लिहिलेले बरेचसे पुस्तिकांच्या रूपाने स्वतःच छापून घेतलेले. १९७५ च्या मार्च महिन्यात अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातल्या आपल्या गणितविषयक सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोहोचले. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला गेला. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, फक्त चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून ते चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करावी आणि आलेल्या वजाबाकीवर (ती तीन अंकी असेल तर आधी शून्य धरून) पुन्हा तेच करावे. उदाहरणादाखल कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे याच रीतीने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. यानंतर ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४ च देते आणि गाडी तिथेच थांबते. सुरुवात कुठूनही केली तरी जास्तीत जास्त सात टप्प्यांत आपण इथे येतो. १९०५ ला नेमके सात टप्पे लागतात, हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.

प्राध्यापकांचा आक्षेप सोपा आहे आणि त्यामागे वजनदार नाव आहे. इंग्रज गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० साली गणिताच्या समर्थनार्थ लिहिलेल्या छोट्या पुस्तकात अशाच दोन संख्यांचा दाखला दिला आहे. ८७१२ ही २१७८ ची चौपट आहे आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट, म्हणजे दोन्ही संख्या आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत आहेत, आणि चार अंकी संख्यांत अशा याच दोन. हार्डींचे म्हणणे असे की ही माहिती कोड्यांच्या सदरात शोभेल, हौशी मंडळींना रिझवील, पण गणितज्ञाला हवे असे तिच्यात काही नाही, कारण तिच्यातून कोणताही व्यापक नियम निघत नाही. प्राध्यापक याला आणखी एक जोड देतात. आपल्या हाताला दहा बोटे आहेत म्हणून आपण दशमान पद्धतीत लिहितो. ६१७४ चा गुणधर्म त्या लेखनपद्धतीचा आहे, संख्येचा नाही.

यावर आपल्याकडे दिले जाणारे नेहमीचे उत्तर म्हणजे रामानुजनचे नाव घेणे, आणि ते मला गैरलागू वाटते. रामानुजन हे औपचारिक पदवीशिवाय घडलेले अव्वल दर्जाचे गणितज्ञ होते. त्यांच्या उदाहरणावरून कापरेकरांविषयी काहीच सिद्ध होत नाही. तसे पाहता हार्डींचा आक्षेप अर्धा खराही आहे. ‘असे घडते’ एवढेच सांगून थांबलेले विधान अपुरे असते. माझा मुद्दा पुढचा आहे. ते अपुरे विधान पुढे नेता येईल अशा रूपात मांडलेले आहे का, हे पाहिले पाहिजे. कापरेकरांची विधाने तशी आहेत आणि पुढे नेण्यासाठी बहुतेक वेळा आठवी-नववीचे बीजगणित पुरते.

६१७४ चेच पाहा. उतरत्या क्रमाने मांडलेले अंक अ, ब, क, ड मानले, तर वजाबाकी नेहमी ९९९ गुणिले (अ − ड) अधिक ९० गुणिले (ब − क) इतकी येते. म्हणजे मूळ चार अंक काय होते याला महत्त्व उरत नाही. टोकाच्या दोन अंकांतला फरक आणि मधल्या दोन अंकांतला फरक, एवढ्या दोनच गोष्टी कळल्या की पुरे. पहिला फरक १ ते ९ असू शकतो आणि दुसरा शून्यापासून पहिल्या फरकापर्यंत, कारण मधले अंक टोकांच्या बाहेर जाऊ शकत नाहीत. अशा जोड्या मोजल्या तर त्या एकूण ५४ भरतात. दहा हजारांच्या आसपासच्या संख्यांविषयीचे विधान अशा रीतीने ५४ जोड्यांवर येऊन ठेपते आणि त्या ५४ जोड्या एखाद्या संध्याकाळी वहीत तपासता येतात. ती तपासणी पूर्ण झाली की हातात येते ती सिद्धता. सौंदर्याच्या बाबतीत ती उणी असेल, पण सिद्धता म्हणून तिच्यात काही कमी नाही. ६१७४ साठी हे दोन फरक ६ आणि २ आहेत, आणि ९९९ गुणिले ६ अधिक ९० गुणिले २ म्हणजे पुन्हा ६१७४.

कापरेकर संख्यांचीही, म्हणजे ज्यांच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवले की मूळ संख्या परत येते अशा संख्यांचीही, तीच गोष्ट. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. २९७ चा वर्ग ८८२०९ आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. हे पाहिल्यावर आधी गंमत वाटते आणि मग ५५ व ७०३ याही संख्या तशाच आहेत हे कळल्यावर संशय येतो, कारण ४५ आणि ५५ मिळून १०० होतात, तर २९७ आणि ७०३ मिळून १०००. दोन अंकी संख्येचे कारण एका ओळीचे आहे. वर्गाचा डावा भाग म आणि उजवा भाग न मानला, तर वर्ग म्हणजे १०० म अधिक न आणि मूळ संख्या म्हणजे म अधिक न. वर्गातून मूळ संख्या वजा केली की ९९ म उरते. म्हणजेच संख्या आणि तिच्या आधीची संख्या यांच्या गुणाकाराला ९९ ने निःशेष भाग गेला पाहिजे. ४५ गुणिले ४४ म्हणजे १९८०, आणि ते ९९ च्या विसाव्या पटीइतके आहे. इथून पुढे प्रश्न ९९, ९९९, ९९९९ यांच्या अवयवांचा होतो, आणि अवयवांचा प्रश्न कोणत्याही अर्थाने फालतू नाही.

हौशी माणसांविषयी व्यावसायिकांच्या मनात जी अढी असते तिला कारणे आहेत, हेही मान्य केले पाहिजे. वर्तुळाइतक्या क्षेत्रफळाचा चौरस केवळ पट्टी-कंपासने काढून दाखवल्याचे दावे इतके येत की पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ सालीच ते तपासायचे नाहीत असे ठरवले. तो चौरस काढता येणे अशक्य आहे हे लिंडमन यांच्या सिद्धतेने निश्चित झाले ते त्यानंतर शतकाहून अधिक काळाने, १८८२ मध्ये. कोनाचे तीन समान भाग करण्याचा प्रश्न त्याआधी १८३७ मध्ये वांत्झेल यांनी निकालात काढला होता. तरीही दोन्ही प्रश्नांवरच्या ‘उकली’ थांबल्या नाहीत. अशा दावेदाराशी बोलणे फार अवघड असते, कारण त्याचा युक्तिवाद तीस पाने चालतो, चूक सतराव्या पानावर असते आणि ती दाखवली की तो अठरावे पान उघडतो. कापरेकरांचे लेखन याच्या नेमके उलट आहे. त्यांचे जवळपास प्रत्येक विधान कागद-पेन्सिलीने पाच मिनिटांत तपासता येते आणि खोटे असेल तर तेवढ्याच वेळात पाडताही येते. स्वतःच्या बळावर शिकणाऱ्याने असेच क्षेत्र निवडावे, असे मला वाटते.

मात्र त्यांना एक गोष्ट मिळाली नाही. ती कोणती हे समजण्यासाठी त्याच वर्षाचे दुसरे उदाहरण उपयोगी आहे. १९७५ च्या जुलैमध्ये गार्डनर यांनी त्याच सदरात एकाच आकाराच्या पंचकोनी फरशांनी सपाट पृष्ठभाग पूर्ण झाकण्याच्या प्रश्नावर लिहिले. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या गृहिणी मार्जोरी राइस यांनी तो लेख वाचला. त्यांचे गणिताचे शिक्षण शाळेपुरतेच होते. त्यांनी स्वतःची चिन्हपद्धती बनवली आणि १९७७ पर्यंत पंचकोनांचे चार नवे प्रकार शोधले. गार्डनर यांनी त्यांचे पत्र डोरिस शॅटश्नायडर या गणिती प्राध्यापिकेकडे पाठवले. शॅटश्नायडर यांनी ती अनोळखी चिन्हे समजून घेतली, काम तपासले आणि गणितज्ञांना कळेल अशा भाषेत मांडले. राइस यांची बुद्धी त्यांची स्वतःचीच होती, पण तिला वेळेवर वाचक भेटला.

देवळालीच्या पुस्तिकांना असा वाचक भेटला नाही. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या तयार होते, जसे २३ पासून २८. ज्या संख्येला असा कोणी जनक नाही, जसे २० किंवा ३१, तिला कापरेकर ‘सेल्फ नंबर’, म्हणजे स्वयंभू संख्या म्हणत, आणि १९६३ साली त्यांनी या विषयावर एक पुस्तिका काढली. पुढच्या दशकात कोलंबियाच्या बर्नार्डो रेकामान यांनी तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली आणि या संख्यांना ‘कोलंबियन’ असे दुसरे नाव पडले. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या ज्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले, त्याच अनेक ठिकाणी आयव्हन निव्हेन यांच्या १९७७ मधल्या व्याख्यानावरून ‘निव्हेन संख्या’ म्हणून ओळखल्या जातात. (डोंबिवलीकरांनी मात्र निश्चिंत असावे. १२१, १२३२१ अशा संख्यांची कल्पना जीआयपी रेल्वेच्या ज्या डेमलो स्थानकावर सुचली त्याचे नाव कापरेकरांनी त्या संख्यांना देऊन ठेवले, आणि ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली.)

दशमान पद्धतीच्या आक्षेपाचे उत्तर मी प्राध्यापकांना पूर्वी नीट देऊ शकत नसे, आता देतो. ६१७४ चे दोन फरक, ६ आणि २, हे दहाचे तीन पंचमांश आणि एक पंचमांश आहेत. मग संख्या दहाच्या पटींत न लिहिता दुसऱ्या एखाद्या संख्येच्या पटींत लिहिल्या, म्हणजे दहाऐवजी पाचाने भाग जाणारा कोणताही पाया घेतला तर? पाया ५ म मानून फरक ३ म आणि म धरले, तर वजाबाकीचे अंक अनुक्रमे ३ म, म − १, ४ म − १ आणि २ म येतात. ते उतरत्या क्रमाने लावले की टोकांचा फरक पुन्हा ३ म आणि मधला पुन्हा म. म्हणजे ६१७४ ला प्रत्येक अशा पायात एक भाऊ आहे. पाया ५ मध्ये तो ३०३२ असा लिहिला जातो. पाया २० मध्ये, म्हणजे आपल्याकडे विसांनी मोजत त्या हिशेबात, त्याचे अंक १२, ३, १५ आणि ८ असतात.

पण भाऊ असणे वेगळे आणि सगळ्या संख्या त्याच्याकडे येणे वेगळे. पाया २० मध्ये १२ आणि ८ या फरकांपासून सुरुवात केली, तर पुढे ५ आणि ३, १४ आणि १०, ८ आणि ०, १२ आणि ७, ६ आणि ४ असे फरक मिळत पुन्हा १२ आणि ८ येतात, आणि ही फेरी कधीच सुटत नाही. तर मग कोणत्या पायांत सगळ्या वाटा एकाच संख्येपाशी जातात? याचे पूर्ण उत्तर १९७८ साली ‘क्रेले जर्नल’ या जुन्या व मानाच्या नियतकालिकात छापून आले. ५, आणि ५ ला २ च्या विषम घाताने गुणून मिळणारे पाये, म्हणजे १०, ४०, १६०, ६४० आणि पुढे. दोन लेखकांपैकी एक गॉर्डन प्रिचेट आणि दुसरे हेल्मुट हासे. विसाव्या शतकातल्या बीजगणितीय संख्या सिद्धांतात हासे यांचे स्थान काय आहे, हे आमच्या प्राध्यापकांना मी सांगण्याची गरज नाही. त्यांचे सध्याचे म्हणणे असे आहे की हासेंनी तो लेख उतारवयात लिहिला, म्हणून तो मोजायचा नाही.