मागील बाकी

गावच्या धाब्याच्या घराची मागची खोली यंदा पाडली, दर पावसाळ्यात गळायची, आप्पांचा जीव अडकलेला तिच्यात पण शेवटी पडली एकदाची. तर भिंतीतल्या कोनाड्यात आबांच्या वह्या निघाल्या, लाल कापडाच्या, कडा उंदरांनी खाल्लेल्या. मला वाटलं कापसाचे भाव वगैरे असतील, ते होतेच, पण निम्मी वही सालदारांच्या हिशोबाची. आखाजी १९६१, अमुक गडी, साल इतकं ठरलं, उचल इतकी, मग ज्वारी, धोतरजोडी, बायकोच्या दवाखान्याचे, पोरीच्या लग्नाचे. आणि पुढच्या आखाजीला त्याच माणसाच्या नावाखाली पहिली ओळ, 'मागील बाकी'. तिसऱ्या वर्षी पण. सातव्या पण. नाव लिहीत नाही, त्याचा नातू माझ्यासोबत शाळेत होता.

(खान्देशाबाहेरच्यांसाठी: सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, आणि आमच्याकडे साल आखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला सुरू होतं.)

ह्या वह्या सापडल्या नसत्या तर पोस्ट वेगळी झाली असती. दोन महिने मी अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरचा काळ वाचत होतो, कारण अर्थात कापूस. १८६१ला तिकडे युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबईत भाव असे चढले की बास. जळगाव त्याच चार वर्षांत कापसाची मोठी पेठ झालं, रेल्वेही तेव्हाच आली. १८६५ला युद्ध संपलं, भाव धाडकन पडला, मुंबईत शेअरवाले बुडाले आणि इकडे तेजीत कर्ज काढलेला शेतकरी सावकाराच्या दारात. हे मला माहीत होतं. पण तिकडे दक्षिणेत तो कापूस वेचणाऱ्या गुलाम माणसांचं पुढे काय झालं हे इतक्या वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही, कापूसवाल्याच्या घरात जन्मून.

साधारण ४० लाख माणसं गुलामीतून सुटली. घटनेत १३वी दुरुस्ती डिसेंबर १८६५ची, गुलामी बंद, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल अशी फट ठेवून, आणि त्या फटीतून पुढे कैदी भाड्याने देण्याचा धंदाच उभा राहिला. सुटलेल्या लोकांनी पहिलं काय केलं तर विकून टाकलेली आपली माणसं शोधली. पेपरात जाहिराती, माझी आई अमक्या मालकाकडे होती, तमक्या गावाला विकली, कोणाला माहिती असेल तर कळवा. चर्चमध्ये ह्या जाहिराती मोठ्याने वाचायचे. आणि शाळा! नातवाच्या बाकावर आजी.

जमिनीचं मात्र वाचून डोकं फिरतं. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मनने दक्षिणेतली किनाऱ्यालगतची जमीन ह्या लोकांना काढून दिली, एका कुटुंबाला ४० एकरांपर्यंत, सुमारे ४० हजार लोक बसले, पेरलं पण. एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला, त्याच्या जागी आलेल्या अँड्र्यू जॉन्सनने बंडखोर मालकांना माफी दिली आणि जमिनी परत. हे सांगायला जनरल हॉवर्ड, म्हणजे ज्याच्याकडे ह्याच लोकांच्या मदतीचं खातं होतं तो, ऑक्टोबरमध्ये साउथ कॅरोलिनातल्या एडिस्टो बेटावरच्या चर्चमध्ये गेला. जुन्या मालकाशी जमवून घ्या म्हणाला. लोकांनी ऐकलं नाही, अर्ज लिहिले, उपयोग शून्य. आणि गंमत बघा, १८६२ला वॉशिंग्टन शहरात गुलामी बंद केली तेव्हा भरपाई मिळाली होती, गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत. मालकांना.

ओट्यावर आप्पांना हे सांगत होतो. त्यांनी एवढंच विचारलं, "जमीन दिनी का त्यास्ले?" म्हटलं नाही. "मंग काय दिनं?"

काहीच दिलं नाही असं म्हणणारे लोक मला पटत नाहीत. नागरिकत्व मिळालं १८६८ला, काळ्या पुरुषांना मताचा हक्क १८७०ला, त्याच वर्षी मिसिसिपीमधून हायरम रेव्हेल्स सिनेटवर गेला. रॉबर्ट स्मॉल्स तर पिक्चरचा हिरो, गुलाम असतानाच १८६२ला चार्ल्स्टन बंदरातून दक्षिणेची अख्खी बोट बायकापोरांसकट पळवली, मग ज्या मालकाच्या घरामागे जन्मला ते घरच लिलावात घेतलं आणि पुढे काँग्रेसमध्ये निवडून गेला. हे सगळं खरंच झालं.

पण पोटाचं काय, तर जमीन मालकाची, बी-अवजार मालकाचं, निम्मं पीक मालकाला, आणि वर्षभराचं पीठ-मीठ-कापड दुकानातून उधार. उधारीचा भाव वेगळा, रोखीचा वेगळा. तारण म्हणजे उभं पीक, आणि दुकानदार कापसावरच उधारी देणार, म्हणून मका सोडून कापूसच लावा, सगळे कापूस लावणार म्हणून भाव पडणार. हिशोब त्याच्या वहीत, वाचता येत असलं तरी वाद कोण घालणार. वर्षाअखेर बाकी पुढे. दुसऱ्याचा मजूर फोडायचा नाही असे कायदे पण केलेले. आमच्याकडे कायदा नव्हता, फक्त रीत, गडी फोडायचा तर आधी त्याची बाकी नवीन मालकाने भरायची.

सालदारकी म्हणजे गुलामी नव्हे, आमच्याकडे माणसाचा लिलाव झाला नाही, हे सगळं मला कळतं, कमेंटमध्ये समजावू नका. आप्पा पण चिडले. आबा वाईट नव्हते, पोरीच्या लग्नाला त्याला दुसरं कोण पैसे देणार होतं, बँक? बरोबर आहे, कोणीच नाही. तिकडे पण युद्धात दक्षिणेच्या बँका बुडालेल्या, दुकानदाराशिवाय कोणी उभं करत नव्हतं.

महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ला छापली आणि गुलामांना मुक्त केलं म्हणून अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हे शाळेत शिकलेलो. त्याच १८७३च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानातल्या कोलफॅक्सला गोऱ्यांच्या टोळीने कोर्टाची इमारत घेरून काळ्या लोकांची कत्तल केली, शरण आलेल्यांना सुद्धा मारलं. १८७७ला केंद्राचं सैन्य बाजूला झालं आणि मताचा हक्क हळूहळू कागदावरच राहिला, तो परत धड मिळायला १९६५ उजाडलं. पुण्यात ती अर्पणपत्रिका लिहिताना तिकडे काय चाललंय ते फुल्यांना किती कळत असेल हा विचार जात नाही डोक्यातून. कळलं असतं तरी लिहिली असती असं मला वाटतं.

आपल्याकडे वेठबिगारीविरुद्ध कायदा १९७६चा. वहीत १९७२च्या आखाजीला त्या माणसाचं नाव नाही, त्याच्या मुलाचं आहे, तेव्हा चौदा-पंधराचा असेल. पहिली ओळ तीच.

आता उलटं झालंय, सालदार मिळतच नाही, लाखाच्या वर सांगतो आणि वर मोबाईलचा रिचार्ज. आप्पा दर आखाजीला कुरकुरतात.

यंदाही आखाजीला आमरस, खापरावरचे मांडे, आणि तो शाळेतला मित्र जेवायला आला, त्याचा स्वतःचा पिकअप आहे आता, कापूस भरून जिनिंगला नेतो. वह्या अजून ओट्यावरच पडलेल्या. आप्पा आतून म्हणाले, "चुल्हामा टाकी दे त्या." त्याने एक उचलली, बोटाने धूळ पुसली, म्हणाला काय रे हे?

मी म्हटलं, कापसाचे जुने भाव.